शूर व्हा, पण घरी विचारून

शीवच्या कुठल्याही सोसायटीत २६ जानेवारीच्या सकाळी गेलात, तर देशाच्या सीमा किती सुरक्षित आहेत याची खात्री पटते. झेंड्याखाली उभे असलेले साठीतले गृहस्थ नुसत्या हाताच्या इशाऱ्याने पर्वतरांगा मागेपुढे सरकवत असतात. सेक्रेटरी पाकिस्तानला शेवटची संधी देत असतात. चीनचा प्रश्न खजिनदारांच्या मते अर्ध्या तासाचा असतो, फक्त इच्छाशक्ती हवी. स्पीकरवर देशभक्तीची गाणी लागलेली असतात, डोळे पाणावलेले असतात आणि त्या पाण्यात खोटं काहीही नसतं. नेमक्या याच क्षणी तिसऱ्या मजल्यावरच्या बारावीतल्या मुलाने बटाटेवडा खाता खाता सहज सांगून बघावं, "बाबा, मी एनडीएचा फॉर्म भरतोय." हवामान तत्काळ बदलतं. "कसला फॉर्म?" "कोणी घातलं हे डोक्यात?" "आधी बारावीला बरे मार्क पाड." आई म्हणते, "अरे, तुला सकाळी दूध घ्यायला खाली पाठवायचं तर तीनदा हाका माराव्या लागतात!" संध्याकाळपर्यंत समिती बसते. तिच्यात ठाण्याचे काका, मुलुंडची आत्या आणि बाबांचे बँकेतले मित्र असतात. शिवाय समोरच्या विंगमधले एक गृहस्थ असतात, ज्यांचा या विषयाशी दुरूनही संबंध नसल्यामुळे त्यांचं मत तटस्थ मानलं जातं. सैन्याचा अभिमान सगळ्या सोसायटीच्या मालकीचा असतो; सैन्यात जाणारा मुलगा मात्र कायम दुसऱ्या विंगमधला असावा लागतो.

प्रस्तुत लेखक याच जमातीतला आहे. ज्याच्या शौर्याची परमावधी म्हणजे सोसायटीच्या वार्षिक सभेत "एक मिनिट" म्हणून हात वर करणं, आणि तो कोणी पाहिला नाही असं दिसताच त्याच हाताने केस सारखे करणं, अशा माणसाने लष्करी कारकिर्दीवर लिहावं हाच मोठा विनोद आहे. पण समितीत बसायला यापेक्षा जास्त पात्रता लागत नाही, त्यामुळे समितीबद्दल बोलायचा अधिकार नक्की पोचतो. म्हणणं एवढंच आहे की, सैन्याच्या वाटेवरचा सगळ्यात कठीण अडथळा म्हणजे नऊ फुटांचा खड्डा नव्हे आणि गणिताचा पेपरही नव्हे. सैन्य शेवटी एकाच गोष्टीची परीक्षा घेतं: या माणसाला स्वतःचं स्वतः ठरवता येतं का? आणि नेमकी तीच खोड आपण सतरा वर्षं खपून मुलाच्या अंगातून काढून टाकलेली असते. शाळा आपण ठरवलेली असते, क्लास आपण, सायन्स आपण, चष्म्याची फ्रेमसुद्धा "ही छान दिसते रे" असं म्हणत आपणच. त्याच्या वाट्याला आलेला एकमेव स्वतंत्र निर्णय म्हणजे पावभाजीला एक्स्ट्रा पाव घ्यायचा की नाही. त्यावरही "पोटाला सोसेल तेवढंच घे" असा शेरा असतोच. अशा मुलाने अचानक स्वतःहून काहीतरी ठरवलं की घरादाराला धक्का बसतो, तो सैन्याच्या नावाचा नसतो. त्याने ठरवलं याचा असतो.

पूर्वी हे किती सोपं होतं, हे सांगायला शीवइतकी योग्य जागा नाही. इथल्या टेकडीवरचा किल्ला ईस्ट इंडिया कंपनीने १६६९ ते १६७७ या काळात, जेराल्ड ऑन्जियर गव्हर्नर असताना बांधला. अलीकडे कंपनीची मुंबई, खाडीपलीकडे पोर्तुगिजांची साष्टी. १७३७ मध्ये मराठ्यांनी साष्टी घेतली, आणि १७७४ मध्ये ती इंग्रजांच्या हाती जाईपर्यंत, म्हणजे तब्बल ३७ वर्षं, शीवच्या तोफांसमोर पेशव्यांचा मुलूख होता. लष्करी कारकीर्द निवडणाऱ्यासाठी इतकी सोयीची वस्ती पुन्हा होणे नाही. इकडे कंपनी, तिकडे पेशवे. दोन्हीकडच्या पगाराची चौकशी करावी, ओहोटीची वेळ बघावी आणि पटेल त्या बाजूला हजर व्हावं. पुढे १७६८ मध्ये कंपनीने मुंबईत शिपायांची जी पलटण उभी केली, तीच आजच्या मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन, म्हणजे जंगी पलटण. तिच्यात भरती झालेल्या कोणाही शिपायाने आधी 'अ‍ॅप्टिट्यूड टेस्ट' दिल्याची नोंद इतिहासात नाही. आज त्याच किल्ल्याच्या पायथ्याची बाग सकाळी फिरणाऱ्यांच्या ताब्यात असते. त्यांच्या चालण्याचा वेग बोलण्याच्या वेगाच्या निम्मा असतो. पायथ्याशीच भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचं कार्यालय आहे, त्यामुळे शीवच्या लष्करी बाण्याची दप्तरी नोंद कुठल्या खात्याकडे असावी, हा प्रश्न परस्परच मिटला आहे.

समितीचा पहिला ठराव ठरलेला असतो: "आधी शिकू दे, मग बघू." यात विरोध कुठेही नसतो, आमच्यात विरोध कोणी करत नाही, आम्ही फक्त पुढे ढकलतो. शीव स्टेशनजवळचा १९१२ सालचा पूल पाडायचं ठरल्यावरही आज, उद्या, परीक्षा होऊ देत असं करत तो वाहतुकीला बंद व्हायला १ ऑगस्ट २०२४ उजाडला. पण पूल बिचारा वाट बघत उभा राहतो, वयाची मर्यादा राहत नाही. खडकवासल्याच्या एनडीएत शिरायची खिडकी साधारण साडेसोळा ते साडेएकोणीस वर्षांची. समिती म्हणते, "पदवी होऊ दे." पदवी होते. मग सीडीएस परीक्षा देऊन डेहराडूनच्या अकादमीत जायला चोविशीपर्यंत मुदत असते. समिती म्हणते, "एक नोकरी हातात असू दे, मग जा कुठे जायचं ते." नोकरी लागते आणि चोविशी टळते. चेन्नईच्या अकादमीची पंचविशी असते, ती मावसबहिणीच्या लग्नात जाते. कायद्याच्या पदवीधरांसाठी आणि इंजिनिअरांसाठी सत्ताविशीपर्यंत काही दारं उघडी असतात. तोवर घरात मुलाच्याच लग्नाचं बघणं सुरू झालेलं असतं. मग सगळे सुटकेचा निःश्वास टाकतात, आणि तेवढ्यात कोणीतरी वर्तमानपत्रातून टेरिटोरियल आर्मीची जाहिरात कापून आणतं. वय ४२ पर्यंत चालतं, आणि उमेदवार कुठेतरी कमावता असला पाहिजे अशी सरकारचीच अट! समितीला आयुष्यात प्रथमच सरकारचं धोरण पूर्णपणे पटतं. "बघ, तेव्हाच म्हटलं होतं ना, आधी नोकरी!" पुरावा म्हणून नाना पाटेकरांचं नाव येतं: 'प्रहार' या १९९१च्या चित्रपटासाठी त्यांनी मराठा लाइट इन्फंट्रीबरोबर प्रशिक्षण घेतलं, मानद कॅप्टनही झाले. त्यासाठी आधी नाना पाटेकर व्हावं लागतं, हा तपशील ठरावात येत नाही.

समजा एखाद्या मुलाने या सगळ्याला न जुमानता फॉर्म भरला, लेखी परीक्षाही काढली. पुढे एसएसबी, म्हणजे सैन्याचं निवड मंडळ. या मंडळाची जन्मकथा समितीने मुद्दाम वाचावी अशी आहे. पूर्वी ब्रिटिश मंडळी अधिकारी निवडताना घराणं, शाळा आणि मुलाखतीत पडणारी छाप पाहत असत. दुसऱ्या महायुद्धात माणसं भराभर हवीशी झाली तेव्हा हे पुरेना, आणि मानसशास्त्रज्ञांना हाताशी धरून नवी पद्धत बसवली गेली. तिचा सगळा खटाटोप एका प्रश्नाला बगल देण्यासाठी होता: "कोणाचा रे तू?" आजही भोपाळला, बंगळुरूला किंवा प्रयागराजला मुलगा मंडळासमोर गेला की त्याच्या छातीवर एक आकडा चढतो आणि आडनाव गळून पडतं. बाबांचे बँकेतले मित्र तिथे कोणाला फोन करू शकत नाहीत. मग पाच दिवस त्याला असं काही विचारलं जातं, ज्याला "विचारून सांगतो" हे उत्तर चालत नाही. पडद्यावर एकामागून एक ६० शब्द येतात. प्रत्येकाला १५ सेकंद, डोक्यात पहिलं येईल ते वाक्य लिहायचं. आता आपल्या घरात वाढलेल्या मुलाच्या डोक्यात कुठल्याही शब्दाला पहिलं काय येतं? "बाबांना विचारतो." मग अर्ध्या तासात ६० प्रसंग सोडवायचे असतात: तुम्ही रात्री जंगलातून चालला आहात, सोबती जखमी आहे, होडी फुटली आहे, काय कराल? प्रामाणिक उत्तर एकच: "मुळात रात्री जंगलात जाऊच दिलं नसतं."

ही अडचण ओळखून आम्ही त्यावर आमचा खास उपाय काढला आहे, तो म्हणजे क्लास. आयआयटीला क्लास, मेडिकलला क्लास, तर उत्स्फूर्तपणाला क्लास का नको? सुटीच्या बॅचमध्ये वह्या काढून मुलं उत्स्फूर्तपणा उतरवून घेतात, आणि घरी आई तो म्हणून घेते. चित्र पाहून गोष्ट लिहायची परीक्षा असते: ३० सेकंद चित्र पाहायचं, चार मिनिटांत गोष्ट लिहायची, अशी एकूण बारा चित्रं. त्यांतलं शेवटचं चित्र कोरं असतं, कारण मुलाच्या मनातलं स्वतःचं काहीतरी बाहेर यावं अशी मंडळाची भाबडी अपेक्षा. कोऱ्या चित्रावरची गोष्ट आम्ही घरून लिहून नेतो. तिच्यात राहुल नावाचा एक होतकरू तरुण असतो. राहुल गावाला जातो, तिथे पूर आलेला असतो. राहुल गावकऱ्यांना संघटित करतो, तराफा बांधतो, बुडणारं मूल वाचवतो, वर त्या गावात वाचनालयही काढतो. दुपारपर्यंत निवड मंडळाच्या टेबलावर एकट्या राहुलने इतकी मुलं वाचवलेली असतात की, त्या गावात न बुडालेलं मूल होतं तरी का, अशी शंका मानसशास्त्रज्ञाला यावी. यावर हरकत घेता येईल, आणि ती रास्तही आहे: "मग काय, तयारीच करायची नाही?" जरूर करावी. एनडीएच्या लेखी परीक्षेत गणिताला ३०० आणि सामान्य क्षमता चाचणीला ६०० गुण असतात. तेवढ्यासाठी रात्रीचा दिवस करावा, क्लास लावावा, आत्याच्या दिरांकडून नोट्स आणाव्यात. पण उरलेले ९०० गुण निवड मंडळाकडे असतात. म्हणजे निम्मी परीक्षा अभ्यासाची, निम्मी माणसाची. आमची पंचाईत एवढीच होते की, दुसऱ्या निम्म्याचा सिलॅबस मिळत नाही, आणि सिलॅबस नसलेली कुठलीही गोष्ट आम्ही परंपरेने ऑप्शनला टाकतो.

समितीवर अन्याय होऊ नये म्हणून तिची सर्वांत भक्कम हरकत ऐकून घ्यायला हवी. काका म्हणतात, "भावना बाजूला ठेव, हिशेबाने बोल." बोलू. काकांचा रोख असतो अग्निपथ योजनेवर. जून २०२२ मध्ये ती जाहीर झाली तेव्हापासून जवानांची भरती चार वर्षांसाठी होते, आणि त्यांतल्या जास्तीत जास्त पंचवीस टक्क्यांना पुढे कायम केलं जातं. "चार वर्षांनी बाहेर पडल्यावर पोरगा करणार काय?" हा प्रश्न खरा आहे, जड आहे, आणि तो विचारणाऱ्या काकांच्या काळजीची चेष्टा करायचं कारण नाही. फक्त तो एकाच दिशेला का विचारला जातो, एवढंच कळत नाही. इंजिनिअरिंगही चार वर्षांचंच असतं. अग्निवीराला पहिल्या वर्षी महिना तीस हजार धरले जातात, त्यातला तीस टक्के भाग निधीत जातो, आणि चार वर्षांनी व्याजासकट साधारण पावणेबारा लाख हातात पडतात. इंजिनिअरिंगमध्ये पैसे उलट्या दिशेने वाहतात. बाहेर पडल्यावर किती टक्क्यांना कायम करणार, हा प्रश्न मात्र कॉलेजच्या समुपदेशन कक्षात काकांना सुचत नाही. तिथे ते फक्त कँटीन कुठे आहे ते विचारतात. उरला जिवाचा धोका. तो नाकारणं खोटेपणाचं होईल. पण ज्या घरातून "सीमेवर नको रे बाबा" असं म्हणतात, त्याच घरातून मुलगा रोज सकाळी शीव स्टेशनवर लोकलच्या दाराला लोंबकळायला जातो, आणि मुंबईच्या उपनगरी रेल्वेवर दरवर्षी दोन हजारांहून जास्त माणसं जीव गमावतात. त्या मुलाला निघताना घर एवढंच सांगतं, "डबा विसरू नकोस."

मग दुसरी हरकत येते, जरा सांस्कृतिक अंगाने. "हे साताऱ्या-कोल्हापूरकडच्या लोकांचं काम. त्यांच्या मातीतच असतं ते." वास्तविक मातीवर श्रेय ढकललं की आपल्या पायांना त्रास राहत नाही. साताऱ्याजवळचं अपशिंगे घ्या. पहिल्या महायुद्धात या एका गावातले ४६ जण कामी आले, आणि आजही ते अपशिंगे मिलिटरी म्हणूनच ओळखलं जातं. तिथली माती शीवच्या मातीपेक्षा वेगळी असेलही, पण खरा फरक समितीत आहे. तिथेही मुलाने सैन्याचं नाव काढलं की पारावर समिती बसते. फक्त तिच्यात निवृत्त सुभेदार असतात, हवालदार असतात, सुटीवर आलेला चुलतभाऊ असतो. भरतीला काय लागतं, पलटणीत जेवण कसं असतं, पहिल्या महिन्यात घरची आठवण कधी येते आणि केव्हा थांबते, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. शीवच्या समितीत बँक असते, रेल्वे असते, बेस्ट असते, महापालिका असते आणि हल्ली हिंजवडी असते. माणूस ज्या खुर्चीवरून निवृत्त होतो तीच खुर्ची तो पुढच्या पिढीला सुचवतो. गावोगावी हाच नियम आहे, खुर्च्या वेगळ्या आहेत. मराठी माणसाला तिकडचं वावडं आहे असंही नाही. २०२१ संपताना लष्करप्रमुख पुण्याचे मनोज नरवणे होते आणि हवाई दलप्रमुख मूळचे नांदेड जिल्ह्यातले विवेक राम चौधरी. ३० एप्रिल २०२२ रोजी नरवण्यांनी लष्कराची सूत्रं नागपूरच्या मनोज पांडे यांच्याकडे दिली. पुण्याने नागपूरला काहीतरी इतक्या सुरळीतपणे सोपवल्याचं दुसरं उदाहरण शोधूनच काढावं लागेल. त्या दिवशी शीवच्या समितीचाही ऊर भरून आला. "आपला माणूस!" असं काकांनी ग्रुपवर टाकलं, आणि खाली पुतण्यासाठी एका बँकेच्या परीक्षेची लिंक टाकली.

ही गंमत सरकारच्या लक्षात फार पूर्वी आली असावी. कारण मराठी मुलं अधिकारी व्हावीत म्हणून इथे जे जे उपाय झाले, त्या सगळ्यांत एक औषध समान आहे. डॉ. मुंजे यांनी १९३७ मध्ये नाशिकला भोसला मिलिटरी स्कूल काढलं: निवासी. देशातली पहिली सैनिकी शाळा १९६१ मध्ये साताऱ्याला सुरू झाली: निवासी. एनडीएत महाराष्ट्राची मुलं कमी दिसतात म्हणून राज्य सरकारने १९७७ मध्ये औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, सेवापूर्व शिक्षण संस्था काढली. तिच्यात दहावीनंतरची दोन वर्षं मुलगा ठेवून घेतात: निवासी. वरवर पाहता हे व्यायामासाठी, शिस्तीसाठी असतं. जरा विचार केला तर कळतं की शासनाने अत्यंत सभ्य शब्दांत, अनुदान देऊन, मुलाला काका-आत्यांपासून तीनशे-साडेतीनशे किलोमीटर लांब नेऊन ठेवलं आहे. तिथे तो स्वतःचे कपडे स्वतः धुतो, स्वतःच्या गजराने उठतो आणि भाजी आवडली नाही तर कोणाला न सांगता खातो. निर्णयक्षमतेचा पाया बहुधा या तिसऱ्या वाक्यात आहे.

समितीचं आणखी एक शस्त्र असतं, आणि ते वरकरणी बिनतोड दिसतं. "आमच्याच सांगण्यावरून चालतो म्हणून हसतोस? अरे, सैन्यात तरी वेगळं काय असतं? वरचा सांगेल ते खालच्याने करायचं. आम्ही तर घरबसल्या सवय लावून देतोय!" या न्यायाने आमच्या सोसायटीतला प्रत्येक नवरा फील्ड मार्शल व्हायला हवा. आज्ञा पाळणं ही सैन्याची अर्धीच बाजू आहे. अधिकारी निवडतात तो आज्ञा द्यायला. म्हणून तर मंडळात प्रत्येकाला दोन-तीन सोबती, एक फळी आणि एक दोर देऊन "आता तू यांना पलीकडे ने" असं सांगतात. आणि साध्या जवानालाही कुठल्या क्षणी एकट्याने ठरवावं लागेल याचा नेम नसतो. माणगाव तालुक्यातले नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीत टायबर नदीच्या खोऱ्यात लढत होते. मशीनगनच्या माऱ्यात त्यांच्या तुकडीतले बाकीचे सगळे पडले किंवा जखमी झाले, आणि ते एकटे त्या मशीनगनवर चालून गेले. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला तो मरणोत्तर. तिथे वर विचारायला कोणी उरलंच नव्हतं. यापुढे समितीचा मुद्दा फार वेळ टिकत नाही, आणि काका चहा मागवतात.

हे सगळं मुलांचं झालं. घरात मुलगी असेल आणि तिने फॉर्मचं नाव काढलं, तर समिती दुप्पट आकाराने बसते, कारण नाशिकची मावशीही व्हिडिओ कॉलवर येते. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ मधल्या आदेशाने एनडीएचं दार मुलींना उघडलं, २०२२ मध्ये पहिली तुकडी आत गेली, आणि ३० मे २०२५ रोजी त्यांतल्या १७ जणी मुलांच्या खांद्याला खांदा लावून संचलन करत बाहेर पडल्या. नाशिकला मुलींसाठी सेवापूर्व संस्थाही २०२३ मध्ये सुरू झाली. समितीला हे सारं ठाऊक असतं. महिला दिनाला तिने ते फॉरवर्डही केलेलं असतं. पण घरच्या मुलीला ती म्हणते, "अगं, रात्रीबेरात्री ड्यूटी लागेल." "अगं, उन्हात रंग जाईल." "अगं, नंतर बदलीच्या गावी स्थळ कुठून आणायचं?" हा संवाद जिथे चाललेला असतो तिथून हाकेच्या अंतरावर शीवचं सर्कल आहे, आणि बेस्टच्या पाट्यांवर त्याचं नाव राणी लक्ष्मीबाई चौक असं आहे. तांब्यांच्या घरात जन्मलेल्या त्या बाईंच्या नावाने दिवसभर बसगाड्या सुटतात. त्यांतल्या एकीतून मुलीला समोर क्लासला सोडायला आई जाते, कारण रस्ता ओलांडायचा असतो.

इतकं सांगून झाल्यावर समिती बरखास्त करा, असं म्हणावंसं वाटेल. पण मराठी घरात समिती बरखास्त होत नाही, तिची फक्त उपसमिती होते. तेव्हा दुसरी योजना सुचवावीशी वाटते. मुलाला मंडळासमोर पाठवण्याआधी समितीलाच पाच दिवस मंडळासमोर उभं करावं. काकांच्या छातीवर आकडा लावावा, म्हणजे "मी बँकेत सीनिअर मॅनेजर होतो" हे वाक्य आपोआप गळेल. आत्याला ६० शब्द दाखवावेत, प्रत्येकी १५ सेकंद. 'सीमा' हा शब्द आला की तिने 'जोशी' लिहिलं तरी गुण कापू नयेत, निदान ते उत्स्फूर्त आहे. समोरच्या विंगमधल्या तटस्थ गृहस्थांना एक फळी आणि एक दोर देऊन बाकीच्यांना पलीकडे न्यायला सांगावं. त्यांचं पहिलं वाक्य "हे काम मुळात सोसायटीचं आहे" असंच असणार. पहिल्या दिवशीच्या चाळणीत बहुतेक मंडळी दुपारपर्यंत घरी परततील. मंडळाच्या नियमाप्रमाणे पहिल्यांदा येणाऱ्याला जाण्यायेण्याचं रेल्वेभाडं मिळतं, आणि ठाणे ते शीव हा खर्च संरक्षण खात्याच्या अंदाजपत्रकाला नक्की पेलेल.

यावर बाबा शेवटचा मुद्दा काढतील, आणि तो चूक नाही: एनडीएत दाखल होताना पालकांची सही सैन्यालाही लागतेच. लागते. मुलगा लेखीत पास झाला, पाच दिवस एकटा बोलला, डॉक्टरांनी कानातल्या मळापासून तळपायाच्या कमानीपर्यंत सगळं तपासून त्याला धड ठरवलं, गुणवत्ता यादीत त्याचं नाव लागलं, की मग आई-बाबांकडे कागद येतो. प्रशिक्षणात दुखापत झाली तर भरपाई मागणार नाही, असं त्यात असतं. मध्येच सोडून आला तर खर्च भरू, असंही असतं. मुलाने काय व्हावं, याबद्दल त्या कागदात कुठेही मत विचारलेलं नाही. समितीच्या कार्यकक्षेत नेमकं काय येतं, याची याहून नेमकी व्याख्या आजवर कोणी केलेली नाही. बाबांनी तिथे सही करावी. काकांना साक्षीदार म्हणून बोलवायचं असेल तर तेही चालेल, फक्त पेन बाबांच्या हातात ठेवावं; काकांच्या हातात दिलं तर ते समासात "तूर्त थांबावे" असं लिहून ठेवतील.